गडग्यावरचा एक दगड

एकदा एक गृहस्थ उंच डोंगराळ मुलखातल्या शेवटच्या घरापाशी येऊन पोचला. शेवटचं अशासाठी, की त्याच्या पुढे घर नव्हतं. गाव खालीच संपलं होतं, झाडं त्याच्याही खाली संपली होती, आणि या घराच्या मागून जी पायवाट चढत होती ती थेट डोंगराच्या कुशीतल्या तळ्यापाशी जाऊन थांबत होती. गृहस्थ साठीला आलेला होता. पत्नी निवर्तून वर्ष होत आलं होतं, मूलबाळ नव्हतं, नोकरीही संपली होती. घराच्या दारात एक वृद्ध, एक पाय लांब पसरून, लसूण सोलत बसला होता. गृहस्थाने वाकून नमस्कार केला आणि तो म्हणाला, "बाबा, मला शिष्य करून घ्या. मला वैराग्य शिकायचं आहे."

वृद्धाने त्याला नीट न्याहाळलं. "वैराग्य मला येत नाही," तो म्हणाला. "सकाळी वर जाणाऱ्याला वाट सांगायची आणि संध्याकाळी तो परत आला की चहा द्यायचा, एवढंच येतं. त्यात काही शिकण्यासारखं वाटलं तर राहा."

आपल्याला काही येत नाही असं म्हणणारा माणूस हमखास ज्ञानी असतो, अशी आपली एक समजूत आहे. गृहस्थाचीही तीच होती. त्याने तिथेच मुक्काम ठोकला, आणि आपणही आता त्याला शिष्यच म्हणू.

तळं फार उंचावर होतं. त्याच्या काठी गवतसुद्धा बेताबेतानेच उगवे. उन्हाळ्यात आणि शरदात हौशी माणसं खालच्या गावातून पहाटे निघत. पाठीवर पिशवी, हातात काठी, डब्यात पराठे. दुपारपर्यंत ती तळं गाठत, पाण्याकडे बघत डबा खात, फोटो काढत आणि संध्याकाळच्या आत खाली येत. वर मुक्काम करायचा नाही, हा तिथला दंडक होता. दुपार कलली की ढग तळ्यावर उतरत आणि मग पाणी कुठे संपलं आणि काठ कुठे सुरू झाला, हे कळत नसे. म्हणून तळ्याची भेट उजेडात घ्यायची आणि निरोपही उजेडातच घ्यायचा.

या दंडकातून एक रीत आलेली होती. वृद्धाच्या घरासमोर, नुसते दगडावर दगड रचून केलेला एक बुटका गडगा होता. वर जाणारा प्रत्येक जण वाटेवरचा एखादा दगड त्या गडग्यावर ठेवी आणि परत आला की तो उचलून बाजूला टाकून देई. ज्याने ठेवला त्यानेच उचलायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. दिवेलागणीला गडग्यावर एक जरी दगड उरलेला असला, तरी वृद्ध शेजारच्या खडकावर जाळ करी. वर कुणी अडकलं असेल तर त्याला घर कुठे आहे ते दिसावं, एवढाच त्यामागचा हेतू होता.

पहिल्याच सकाळी शिष्य तळ्याकडे निघाला तेव्हा वृद्ध म्हणाला, "दगड ठेवून जा."

"कशाला, बाबा?" शिष्य म्हणाला. "ज्याची कोणी वाट बघतं, त्याने दगड ठेवावा. माझी वाट बघणारं आता कोणी नाही. कोणी बघावी अशी इच्छाही नाही. तेच तर शिकायला मी इथे आलो."

"ठेवायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं," वृद्ध म्हणाला आणि आत गेला.

शिष्याला हे उत्तर फार आवडलं. गेलं वर्षभर त्याला आग्रहाशिवाय काही मिळालंच नव्हतं. बहीण म्हणे चार घास जास्त खा, शेजारी म्हणत संध्याकाळी बागेत येत जा, मेहुणा तर त्याला एका सहलीचं तिकीटच काढून देणार होता. सगळे चांगले लोक होते, आणि त्या सगळ्यांपासून तो पळून आला होता. इथे पहिल्यांदा त्याला कुणीतरी मोकळं सोडत होतं.

तो संध्याकाळी परतला तेव्हा वृद्धाने चहाचा पेला त्याच्या हातात दिला आणि विचारलं, "आज पाणी कसं होतं?"

"पाण्यासारखं होतं," शिष्य म्हणाला.

वृद्धाने मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. मात्र दुसऱ्या दिवशी त्याने तोच प्रश्न केला, आणि तिसऱ्या दिवशीही. शिष्य कधी म्हणे शांत होतं, कधी म्हणे गार होतं. प्रश्नात काही गूढ अर्थ दडलेला असावा असं त्याला सुरुवातीला वाटलं आणि त्याने त्यावर पुष्कळ डोकं चालवलं. पुढे त्याच्या लक्षात आलं की वृद्धाचा पाय अधू आहे आणि कित्येक वर्षांत त्याने तळं पाहिलेलंच नाही. तळ्याच्या वाटेवर घर असलेला माणूस दुसऱ्यांना विचारून तळं बघत होता. हे कळल्यावरही शिष्याने आपली उत्तरं काही लांबवली नाहीत. माणूस स्वतःच्या दुःखात गुरफटला की दुसऱ्याचा प्रश्न त्याला प्रश्न वाटत नाही, नुसता व्यत्यय वाटतो.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी शिष्याने वृद्धाला सांगितली नव्हती. तो या तळ्यावर पूर्वी एकदा येऊन गेला होता. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तो आणि त्याची पत्नी असेच एका दिवसासाठी वर गेले होते. तो तरुण होता, दमदार होता आणि चढणीवर बायकोच्या पुढे चालण्यात त्याला पुरुषार्थ वाटत होता. वाटेत हे घर होतं की नव्हतं, हेदेखील त्याला आठवत नव्हतं. तेव्हा त्याचं सगळं लक्ष वर होतं. वर पोचल्यावर पत्नी एका सपाट खडकावर बसली आणि त्या बर्फगार पाण्यात पाय सोडून, बोटं निळी पडेपर्यंत हसत राहिली. परतताना त्यानेच हट्ट धरला की आल्या वाटेने काय जायचं, पलीकडच्या खोऱ्यात उतरू, मेंढपाळ तिकडूनच जाताहेत. अर्ध्या उतारावर ती एकाएकी थांबली आणि म्हणाली, "अहो, आपलं तिथे राहिलं." त्याने खांद्यावरची पिशवी चाचपली, तिच्या हातातली छत्री बघितली आणि म्हणाला, "सगळं आहे. चल, बस चुकेल."

नंतरच्या संसारात ती मधूनच म्हणे, "एकदा त्या तळ्यावर जाऊन यायला हवं. माझं तिथे एक काम राहिलंय." तो हसे. तळ्यावर कसलं आलंय काम, म्हणे. निवृत्त झाल्यावर जाऊ की, म्हणे. ती सांगायला लागली की तो हसायचा, आणि तो हसला की ती गप्प व्हायची. मग निवृत्ती आली, पाठोपाठ तिचं दुखणं आलं, आणि तळ्यावर जायचं राहून गेलं.

वैराग्य वगैरे ठीक होतं, पण शिष्य इथे आला होता तो खरा यासाठी. रोज वर जाऊन तो त्याच सपाट खडकावर बसे आणि पाण्याला विचारी, काय राहिलं होतं तिचं इथे? पाणी अर्थातच काही सांगत नसे. आयुष्यभर शेजारी राहिलेल्या बाईचं एक साधं वाक्य आपण पुरं ऐकून घेतलं नाही, आणि आता ते पुरं करणारं जगात कोणी उरलं नाही, हा विचार तिथे त्याला रोज गाठी. मग तो उठे आणि खाली येई.

या काळात त्याच्या ध्यानात एक विचित्र गोष्ट आली. गडग्यावरचे सगळे दगड उचलले गेले, वर गेलेला प्रत्येक जण चहा पिऊन खाली गावात गेला, तरी वृद्ध रोज संध्याकाळी जाळ करीच. गडग्याच्या कोपऱ्यात एक जुना, फिकट, गुळगुळीत दगड होता. त्याच्यावर शेवाळ धरलं होतं. तो कधीच कुणी उचलत नव्हतं. जाळ त्याच्यासाठी होता.

त्या उंचीवर सरपण म्हणजे सोन्याच्या मोलाचं. खालून खुरटी झुडपं तोडून, मोळी बांधून, पाठीवर वाहून आणायची. घरातली चूल वृद्ध अगदी काटकसरीने पेटवी. पहाटे दोघेही घोंगडीत कुडकुडत पडलेले असत. आणि बाहेरच्या खडकावर मात्र रोज घसघशीत जाळ होई, कुणीही येणार नसताना. मोळी वाहण्याचं काम आता शिष्याकडे आलं होतं, त्यामुळे त्या दगडाबद्दल त्याला जरा जास्तच वाटू लागलं. वाहता वाहता तो त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात बोल लावी. कोण हा बेफिकीर? एक दगड उचलायची आठवण राहू नये? ज्याला मागे वळून बघायची सवय नाही, अशा माणसापायी इथे दोन म्हाताऱ्यांनी थंडीत का मरावं?

एके दिवशी एक व्यापारी आपल्या मित्रांसह तळ्यावर जाऊन आला. माणूस दिलदार होता आणि बोलका होता. सकाळी त्याने सगळ्यांत मोठा धोंडा उचलून गडग्यावर ठेवला होता. संध्याकाळी तो धापा टाकत खाली उतरवला आणि मग त्याची नजर कोपऱ्यातल्या दगडाकडे गेली.

"हा कुणाचा राहिला?"

"आहे एका पाहुण्यांचा," वृद्ध म्हणाला. "अजून उचलला नाही."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

"आणि त्याच्यासाठी हा रोजचा जाळ?" व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला. "बाबा, रागावू नका, पण याला काही अर्थ नाही. घरात तुमचे दात वाजताहेत आणि लाकूड बाहेर जळतंय. तुम्हाला जड जात असेल तर मी टाकून देतो तो दगड. माझ्या हातून होऊन जाऊ दे."

त्याने खरोखरच हात पुढे केला. एरवी कधीही आवाज न चढवणाऱ्या वृद्धाने आपली काठी उचलली आणि ती त्या दगडाच्या आडवी धरली. "हात लावायचा नाही," तो म्हणाला. मग काठी खाली घेऊन पूर्वीच्याच सुरात म्हणाला, "चहा निवतोय तुमचा."

मंडळी गेल्यावर शिष्याला राहवलं नाही. "बाबा, एक विचारू? तो माणूस मेला असेल, नाही तर विसरला असेल. मेलेल्याला तुमचा जाळ दिसत नाही आणि विसरलेल्याला तो लागत नाही. मग एका निर्जीव दगडावर एवढी आसक्ती का? सगळं सोडावं असं शास्त्र सांगतं, आणि तुम्हाला एक दगड सुटत नाही?"

वृद्धाने थोडा विचार केला. "आसक्ती असेलही," तो म्हणाला. "सरपण संपत आलंय. उद्या थोडं जास्त आण."

शरद सरत आला. वर जाणाऱ्यांची वर्दळ थांबली. डोंगरमाथ्यावर पहिला बर्फ पडला आणि वृद्ध म्हणाला की आता चार-आठ दिवसांत वाट बंद होईल. त्या दिवशी शिष्य सकाळी एकटाच वर गेला. गडग्यावर त्याने दगड ठेवला नाही. तो कधीच ठेवत नव्हता.

तळ्याच्या काठाने बर्फाची पातळ कड धरली होती. तो त्या सपाट खडकावर बसला. दुपार झाली, डबा उघडायचं त्याच्या मनात आलं नाही. ऊन सरकलं, समोरच्या सुळक्याआडून ढग उतरू लागले. उठायची वेळ झाली हे त्याला कळत होतं, तरी तो बसून राहिला. मरावं असं त्याच्या मनात नव्हतं, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. फक्त उठायला काही कारण त्याला सापडत नव्हतं. खाली गेल्यावर कुणाचं काय अडणार होतं? वर राहिल्याने कुणाचं काय बिघडणार होतं? एकटेपणाचा एक प्रकार असा असतो की तो माणसाला ढकलत नाही, नुसता धरून बसवतो. पाणी आधी करडं झालं, मग दिसेनासं झालं.

किती वेळ गेला कोण जाणे. अखेरीस त्याला उठवलं ते विचाराने नव्हे, थंडीने. हाताची बोटं वळेनात तेव्हा तो उभा राहिला आणि वाट चाचपत उतरू लागला. अर्ध्या उतारावर डोंगराचा एक खांदा होता. तिथून एक वाट वृद्धाच्या घराकडे वळत होती आणि दुसरी पलीकडच्या खोऱ्यात. तिथे पोचेपर्यंत अंधारून आलं होतं आणि धुक्यात स्वतःचे पायसुद्धा दिसत नव्हते. कुठे पाऊल टाकावं ते कळेना. एका बाजूला कडा आहे हे त्याला ठाऊक होतं, पण कुठल्या बाजूला, हे आता सांगता येत नव्हतं. तो खाली बसला. त्याला भीती वाटली, आणि भीती वाटली याचं त्याला नवलही वाटलं.

धुकं क्षणभर विरळ झालं. खाली, बरंच खाली, एक तांबूस ठिपका दिसला.

तो जाळ आपल्यासाठी नाही, हे शिष्याला पक्कं माहीत होतं. आपण दगड ठेवला नाही, ठेवणार नाही म्हणून तोंडाने सांगितलं. खाली जे जळतंय ते त्या दुसऱ्या कुणाच्या तरी वाटणीचं आहे. तरी तो उठला आणि त्या ठिपक्याकडे तोंड करून, बसत, घसरत, हाताने जमीन चाचपत उतरू लागला. धुकं दाटलं की थांबायचा, ठिपका दिसला की निघायचा.

वृद्ध घोंगडी पांघरून जाळाशी बसला होता. शिष्याला बघून त्याने हातातली काटकी आगीत सारली, सरकून जागा केली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "आज पाणी कसं होतं?"

शिष्याचा बांध फुटला. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "बघितलंच नाही, बाबा. इतके दिवस जातोय, एकदाही नीट बघितलं नाही."

वृद्धाने त्याचे हात आपल्या हातात घेऊन चोळले. ऊब आल्यावर शिष्य म्हणाला, "मी दगड ठेवला नव्हता."

"माहीत आहे."

"म्हणजे हा जाळ माझ्यासाठी नव्हता."

"नव्हता," वृद्ध म्हणाला. त्याला खोटं बोलून बरं वाटवायची सवय नव्हती. "हा त्या दगडाचा. नेहमीसारखा केला, तुला दिसला."

शिष्याने गडग्याकडे पाहिलं. जाळाच्या उजेडात तो फिकट दगड कोपऱ्यात बसलेला होता. "कुणाचा आहे तो?" त्याने विचारलं. या वेळी त्याला वाद घालायचा नव्हता.

"एक जोडपं होतं," वृद्ध सांगू लागला. "नवीनच लग्न झालेलं. मी तेव्हा हातीपायी धड होतो. नवरा मागे न बघता तरातरा पुढे निघून गेला. ती मात्र थांबली. हे दगड कसले, म्हणाली. मी रीत सांगितली. तिला फार आवडली. मग ती दगड शोधायला लागली आणि काय सांगू, मंडईत वांगी निवडावीत तशी! एक उचलायची, फिरवून बघायची, नाक मुरडून ठेवून द्यायची. मी म्हटलं, अगं, कुठलाही चालतो. तर म्हणाली, 'काका, आमच्या दोघांचा मिळून एकच ठेवणार आहे, तो चांगला नको?' शेवटी तो ठेवला. आणि जाताना म्हणाली, 'लक्ष ठेवा हं.' मी म्हटलं, हो."

शिष्य जाळाकडून वळून वृद्धाकडे बघू लागला. त्याची पत्नी वांगी तशीच निवडायची. भाजीवाले वैतागायचे. तो स्वतः पिशवी धरून जरा लांब उभा राहायचा, आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने.

"संध्याकाळी दोघं आली नाहीत," वृद्ध पुढे म्हणाला. "रात्रभर जाळ ठेवला. दुसऱ्या दिवशी गावातली माणसं घेऊन वर गेलो. पुष्कळ शोधलं. त्यात खडकावरून घसरलो आणि पाय गेला तो गेला. पुढच्या उन्हाळ्यात पलीकडचे मेंढपाळ म्हणाले, असं एक जोडपं आमच्याबरोबर उतरलं होतं. तेच असावं. नसेलही. लोक म्हणाले, काढून टाक आता तो दगड."

"बाबा," शिष्य म्हणाला, "छत्री होती का तिच्याजवळ?"

"होती. निळी. एवढ्या उंचावर छत्री कशाला, असं मी म्हटलंदेखील."

शिष्याने वृद्धाच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या अधू पायाला त्याचा हात लागला आणि त्याने तो हात झटकन मागे घेतला. "तो नवरा मी," तो म्हणाला. "आणि ती विसरली नव्हती, बाबा. अर्ध्या वाटेत ती थांबली होती. आपलं तिथे राहिलं, असं म्हणाली होती. मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. आयुष्यभर म्हणायची, तिथे माझं एक काम राहिलंय. मी हसायचो. आणि तुमचा हा पाय..."

"माझा मीच घसरलो. खडक ओला होता," वृद्ध म्हणाला. मग तो जाळाकडे बघत राहिला. आणि मग त्याने जे विचारलं ते शिष्याच्या कल्पनेतही नव्हतं. "ती घरी नीट पोचली होती ना?"

"पोचली," शिष्य म्हणाला. "नीट पोचली. पुष्कळ वर्षं माझ्याबरोबर संसार केला. गेल्या वर्षी गेली."

"पोचली होती," वृद्ध स्वतःशीच म्हणाला. इतक्या वर्षांचं काहीतरी त्याच्या खांद्यावरून उतरल्यासारखं दिसलं. "नाव काय तिचं? मला नावही विचारायचं सुचलं नव्हतं."

"कुमुद."

"कुमुद," वृद्धाने एकदा नीट म्हणून बघितलं आणि एक जाडसं लाकूड आगीत घातलं.

काही वेळाने शिष्य म्हणाला, "आता मी उचलू का तो दगड? तुम्ही सुटाल यातून."

वृद्धाने नकारार्थी मान हलवली. "ठेवला तिने. तू कसा उचलशील?" आणि मग, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, तो थोडं सविस्तर बोलला. "लोक काढ म्हणाले तेव्हा मीही रागात होतो. पाय गेला होता, तळं गेलं होतं. एकदा हात पुढेही केला. पण ती 'लक्ष ठेवा' म्हणाली आणि मी 'हो' म्हटलं होतं. ती आली नाही म्हणून माझं 'हो' कुठे जाणार? म्हणून जाळ करत राहिलो. मग कुणी औषधी मुळ्या काढायला गेलेली बाई त्या उजेडाने उतरली, कुणी चुकलेला मेंढपाळ उतरला. त्यांनी कुठे दगड ठेवले होते? जाळ कुणाच्या नावाने केला हे अंधाराला समजत नाही रे. ज्याला दिसतो, त्याचा होतो. आज तू तिच्या दगडाच्या उजेडाने उतरलास. आणि तू वैराग्य म्हणतोस ना? माझी कुणी वाट बघू नये, असं वाटणं हे वैराग्य नव्हे. तो रुसवा आहे. ती गेली म्हणून तू सगळ्यांवर रुसून बसलास."

शिष्याने एक काटकी जाळात सारली. तिचं वाक्य पुरं झालं होतं, आणि ते पुरं करणारा माणूस इतके महिने रोज संध्याकाळी चहाचा पेला घेऊन त्याच्यासमोर उभा राहत होता.

वाट बंद व्हायच्या आधी तो आणखी एकदा वर गेला. सकाळी निघताना तो घरासमोर वाकला. एक दगड उचलला, फिरवून बघितला, ठेवून दिला. दुसरा उचलला, तोही ठेवून दिला. वृद्ध दारातून बघत होता, त्याने घाई केली नाही. अखेर एक दगड शिष्याला पसंत पडला. तो त्याने कोपऱ्यातल्या त्या शेवाळलेल्या दगडाला अगदी लागून ठेवला आणि म्हणाला, "बाबा, लक्ष ठेवा हं."

"हो," वृद्ध म्हणाला.

उजेड असतानाच तो परतला. आपला दगड त्याने उचलून बाजूला टाकला आणि तिचा तसाच राहू दिला. मग आत जाऊन सरपण आणलं आणि जाळ त्याने स्वतः केला. वृद्ध येऊन शेजारी बसला आणि त्याने विचारलं, "आज पाणी कसं होतं?"

शिष्य सांगू लागला. काठाशी बर्फ किती आत सरकलाय, मधलं पाणी सकाळी कुठल्या रंगाचं होतं आणि ऊन आल्यावर कुठल्या रंगाचं झालं, सुळक्याची सावली कुठल्या खडकापर्यंत पोचते, आणि एक सपाट खडक आहे तिथे बसून पाण्यात पाय सोडले तर बोटं किती वेळात निळी पडतात. वृद्ध डोळे मिटून ऐकत होता. जाळ उतरू लागला की शिष्य बोलता बोलताच एखादं लाकूड आत सारी आणि पुढे सांगू लागे.

आपल्यापैकी पुष्कळ जण अशाच कुणाच्या तरी नावाने पेटवलेल्या उजेडात घरी पोचलेले असतात. निदान संध्याकाळी कुणी विचारलं, तर पाणी कसं होतं ते नीट सांगावं.